बारा लाखवाल्याला उतार, दहा हजारवालीचा कडेलोट



या पानावर आपण बहुतेक वेळा भाषेवर लिहितो, कोर्टातल्या दाव्यावर लिहितो, पाट्यांवर लिहितो. आज मी उत्पन्नाच्या दाखल्यावर लिहिणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण सीमाभागातल्या बाईच्या महिन्याच्या हिशेबात या एका कागदाएवढी ढवळाढवळ दुसरं काहीच करत नाही. गेली काही वर्षं मी खानापूर भागात बायकांचे योजनांचे अर्ज भरून देते, त्यामुळे हे रोज बघते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुटुंबाला मदत देताना सरकारने उत्पन्नाची मर्यादा घातली तर ती उतारासारखी असावी. कमाई थोडी वाढली, तर मदत थोडी कमी व्हावी. आपल्याकडे तसं नाही. रेषेच्या अलीकडे असाल तर पूर्ण मदत, एक रुपया पलीकडे गेलात तर शून्य. आणि मूल सांभाळायच्या सोयीला, म्हणजे अंगणवाडीला आणि पाळणाघराला, तर ही मर्यादा मुळात असूच नये.

आता रेषा कुठे कुठे आहेत ते बघा. बेळगावातून निघालं तर चंदगड तालुक्याची हद्द तासाभराच्या आत येते. चोर्ला घाटाने उतरलं की गोवा. एवढ्याशा पट्ट्यात गरीब कोण, याची उत्तरं किती?

कर्नाटकात बीपीएल कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख २० हजार रुपये. महिन्याला दहा हजार. महाराष्ट्रात 'लाडकी बहीण'साठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. गोव्यात 'गृह आधार'साठी मर्यादा तीन लाख. आणि केंद्राच्या मातृवंदना योजनेत वर्षाला आठ लाखांच्या आतलं कुटुंबही पात्र धरतात. म्हणजे महिन्याला पंधरा हजार मिळवणारं एकच घर कर्नाटकात गरीब नाही, महाराष्ट्रात गरीब आहे, गोव्यात गरीब आहे आणि दिल्लीच्या दृष्टीने तर चांगलंच गरीब आहे. घर तेच, चूल तीच, पोरं तीच.

यातली कर्नाटकाची रेषा सगळ्यात विचित्र. याच राज्यात बहुतेक उद्योगांचं किमान वेतन महिना दहा हजारांच्या वर आहे. मालकाने कायदा पाळून बाईला पूर्ण महिन्याचं किमान वेतन दिलं, की ती कागदावर गरीब राहत नाही. एकाच सरकारचं कामगार खातं म्हणतं, माणसाला जगायला निदान एवढं लागतं. त्याच सरकारचं अन्न खातं म्हणतं, एवढं मिळालं तर तुला तांदूळ कशाला? नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात बीपीएल कार्डं धडाधड रद्द झाली, काही एपीएल झाली, तेव्हा मोठी ओरड झाली. मग सरकारने माघार घेतली आणि आयकर भरणारे व सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची कार्डं परत देऊ असं सांगितलं. पण रेषा जिथे होती तिथेच आहे.

आता एका रुपयाचा हिशेब करू. सोपा आहे, कागद-पेन घ्या.

समजा चंदगडच्या एका काजू कारखान्यात काम करणारी बाई आहे. नवऱ्याचं आणि तिचं मिळून वर्षाचं उत्पन्न २ लाख ४९ हजार. तिला लाडकी बहीणचे महिना १५०० मिळतात, वर्षाचे १८ हजार. एकूण घरात आले २ लाख ६७ हजार. आता मालकाने तिला महिना २०० रुपये पगारवाढ दिली. वर्षाला २४०० वाढले, उत्पन्न झालं २ लाख ५१ हजार ४००. रेषा ओलांडली, १८ हजार बंद. म्हणजे २४०० रुपयांची बढती घेऊन ती १५ हजार ६०० रुपयांनी खाली आली. अशी बढती कोण घेईल सांगा?

कोणी घेत नाही, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. बायका मुकादमाला सांगतात, वाढीव पैसे हातात द्या, कागदावर नको. मालक खूशच, कारण कागदावर नाही म्हणजे भविष्य निर्वाह निधी नाही, ईएसआय नाही. आजची मदत वाचवायला बाई उद्याचं पेन्शन सोडते. याला लोक 'लबाडी' म्हणतात. मी म्हणते, नियमच असा केलाय की सरळ चालणारी बाई खड्ड्यात पडते.

'असंच असतं, कुठेतरी रेषा आखावीच लागते,' असं मला एका शिकलेल्या गृहस्थांनी ऐकवलं. रेषा आखावी लागते, मान्य. पण ती कशी आखायची हे आपल्या सरकारला नीट माहीत आहे. आयकराचं बघा. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. मग १२ लाख १० हजारवाल्याचं काय? सरळ टप्प्यांनी मोजलं तर त्याला ६१ हजार ५०० रुपये कर बसला असता. दहा हजार जास्त मिळाले म्हणून साडेएकसष्ट हजार जाणार, हा अन्याय झाला असता. म्हणून कायद्यात 'मार्जिनल रिलीफ' ठेवलाय. त्याचा कर दहा हजारांवरच थांबतो, वर फक्त सेस. जेवढं जास्त मिळालं, त्यापेक्षा जास्त जाणार नाही, असं तत्त्व.

हे तत्त्व चांगलं आहे, माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की बारा लाखवाल्याची जी काळजी घेतली, ती अडीच लाखवालीची का नाही घेतली? तिच्या बाबतीतही म्हणता आलं असतं की बाई, तुझं उत्पन्न १४०० रुपयांनी रेषेच्या वर गेलं, तर मदतीतून १४०० रुपयेच कापू. एका ओळीचा नियम आहे हा. पण बारा लाखवाल्याला उतार मिळाला आणि दहा-वीस हजारवालीचा कडेलोट झाला.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. गोव्यातली पुष्कळ कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेली. स्विंडन शहरात तर गोंयकारांची मोठी वस्तीच आहे, त्यांना हे ओळखीचं असेल. तिथे 'चाइल्ड बेनिफिट' म्हणून मुलामागे पैसे मिळतात. २०१३ मध्ये नियम आला की आईबापांपैकी एकाचं उत्पन्न ५० हजार पौंडांच्या वर गेलं की ते पैसे कराच्या रूपाने हळूहळू परत घ्यायचे, आणि ६० हजारांवर सगळेच. पण मोजायचं एकट्याचं उत्पन्न, घराचं नाही. म्हणून दोघांनी प्रत्येकी ४९ हजार मिळवले, म्हणजे घरात ९८ हजार आले, तरी पूर्ण मदत. आणि एकट्या आईने ६० हजारांवर घर चालवलं तर काही नाही. बरीच टीका झाल्यावर एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा ६० ते ८० हजार केली. मुद्दा एवढा की निदान उतार तरी ठेवला होता, आणि चुकलं ते वाढवून घेता आलं.

त्याच देशात पाळणाघराच्या खर्चासाठी वेगळी मदत आहे. आईबापांनी ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालतं, एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २ हजार पौंड. पण तिथे मात्र दोघांपैकी एकाने जरी एक लाख पौंडांची रेषा ओलांडली, तर मदत एकदम बंद. त्यामुळे तिथले चांगले कमावणारे लोकसुद्धा रेषेखाली राहायला कामाचे तास कमी करतात. म्हणजे आपल्या काजू कारखान्यातली बाई जे करते तेच लंडनचा साहेबही करतो. फक्त त्याला 'नियोजन' म्हणतात.

आता मूळ दुखण्याकडे येते. उत्पन्न मोजताना सरकार मिळालेले पैसे मोजतं, ते मिळवायला झालेला खर्च मोजत नाही. दुकानदाराला भाडं, वीज, नोकराचा पगार वजा करून मग नफा धरतात. पण आई कामाला जाते तेव्हा तिला पोर कुणाकडे तरी ठेवावं लागतं. शेजारणीला पैसे, नाहीतर पाळणाघराला पैसे, नाहीतर सासूचं औषधपाणी आणि तिची मर्जी. तो खर्च कुठेच वजा होत नाही. जुन्या करपद्धतीत ८० सी कलमाखाली दोन मुलांची शाळेची फी वजा मिळते. पाळणाघराची नाही. म्हणजे पोर शाळेत जायच्या आधी त्याला कोण सांभाळतं, हा प्रश्न आपल्या कायद्याला पडलेलाच नाही. घरात कोणीतरी बाई असेलच, असं धरलेलं आहे.

आमच्याकडे रताळी काढायचा हंगाम असतो तेव्हा दीड-दोन वर्षांची पोरं बांधावर साडीच्या झोळीत झोपलेली असतात. बेळगावात शहापूर-वडगावला मागावर काम करणाऱ्या घरांत पोरं खटखटाटातच वाढतात. खानापूरची किती जोडपी गोव्यात कामाला आहेत, आणि पोर इथे आजीजवळ. गोव्यातल्या गृह आधारचे महिना १५०० त्यांना मिळत नाहीत, कारण त्याला गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. उत्पन्नाच्या रेषेच्या आधीच वास्तव्याची रेषा आडवी येते.

सीमाभागात या रेषा नुसत्या उत्पन्नाच्या नाहीत, हे बाहेरच्यांना कळत नाही. आपला रोटी-बेटी व्यवहार १९५६ च्या आधीपासूनचा, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतरही थांबलेला नाही. बेळगावची मुलगी चंदगडला दिली, तर नवऱ्याच्या कागदपत्रांवर ती लाडकी बहीण होते. चंदगडची मुलगी बेळगावला दिली, तर ती कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीत जाते, महिना २ हजार. तिथे रुपयांची मर्यादा नाही, पण बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं विवरणपत्र भरत असेल, तर अपात्र. आता एखादा छोटा फॅब्रिकेशनवाला. मोठ्या कारखान्याचं काम मिळवायचं तर ते जीएसटी नंबर मागतात, म्हणून याने नंबर काढला. धंदा झाला नाही, तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं. मिळकत काही नाही, पण बायकोचे वर्षाचे २४ हजार गेले. माझ्यासमोर असे अर्ज आलेत. त्या बाईने मला विचारलं, "बाई, ह्यांनी नंबर काढला त्यात माझं काय चुकलं?" मी काय सांगणार?

आणि हे सगळं समजून घ्यायचं कानडीतून. अर्ज कानडीत, मोबाईलवर येणारा मेसेज कानडीत, नाकारल्याचं कारण कानडीत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे धोरण नवीन नाही. त्यासाठी आपण निवेदनं दिलीत, मोर्चे काढलेत. पण मराठी कागदाची मागणी म्हणजे नुसती अस्मितेची मागणी, असं पलीकडचे म्हणतात, आणि कधी कधी आपलेही म्हणतात. तसं नाही. आपण अपात्र का ठरलो हे बाईला वाचताच आलं नाही, तर ती अपील कशावर करणार? हा सरळ पैशांचा प्रश्न आहे.

आता मी म्हणाले की पाळणाघराला उत्पन्नाची मर्यादाच नको. त्यावर लगेच कोणी म्हणेल, मग काय श्रीमंतांच्या पोरांनाही फुकट? तर त्याचं उत्तर आपल्याच देशात देऊन झालेलं आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितलं की अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी बीपीएलची अट लावायची नाही. पुढे डिसेंबर २००६ च्या आदेशात असंही म्हटलं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्यांनी मागणी केली की तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. झालं काय त्यामुळे? श्रीमंतांची पोरं अंगणवाडीत गर्दी करून बसली का? नाही. ज्याला गरज होती तोच आला, फक्त दाखला न मागता आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही गरोदर बाईला निदान ६ हजार रुपयांचा हक्क दिला, सरकारी नोकरदार सोडले तर उत्पन्नाची अट न घालता. पुढे मातृवंदना योजना आली तेव्हा पहिल्या बाळाला ५ हजार झाले, आणि नव्या नियमांत पात्रतेची यादी आली. कायद्यापेक्षा योजना लहान, हे आपल्याकडचं नेहमीचंच.

आणि ज्याला परवडतं त्याच्याकडून थोडे पैसे घ्यायचेच असतील तर तीही वाट केंद्राने दाखवली होती. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत बीपीएल घराकडून महिना २० रुपये, १२ हजारांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांकडून १००, आणि त्यावरच्यांकडून २००. कोणालाच दारातून परत पाठवायचं नाही, ऐपतीप्रमाणे घ्यायचं. मी ज्याला उतार म्हणते तो हाच. म्हणजे आपल्या सरकारला हे सुचत नाही असं नाही. सुचतं, पण टिकत नाही.

एक गोष्ट कोणाला आवडो न आवडो, मी बोलणार. २०२३ पासून कर्नाटकात ग्रामपंचायतींमध्ये 'कूसिन मने', म्हणजे बाळाचं घर, या नावाने शिशुघरं काढायला सुरुवात झाली. चार हजार पंचायतींत काढायची घोषणा होती. तीन वर्षांखालची पोरं, रोजगार हमीवर आणि इतर कामावर जाणाऱ्या आयांची. योजना चांगली आहे. नाव कानडी आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या पंचायतीत ते घर उघडलंय का, उघडलं असेल तर चालू आहे का, तिथल्या बाईला आपल्या पोरांशी मराठीत बोलता येतं का, हे विचारायचं. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. पोराची भाषा तर त्याच्याही आधी सुरू होते, पाळण्यातच.

महाराष्ट्र सरकारलाही सांगायचं आहे. २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय तुम्ही घेतला. कर्नाटकाने आरडाओरडा केला, पण तत्त्व मान्य झालं की माणूस आपला असेल तर मदत हद्दीवर थांबायची गरज नाही. मग शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जी बाई हद्दीपलीकडच्या गावातून रोज कामाला येते, तिच्या पोरासाठी तिथे पाळणाघर का नाही? ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, हे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनेच सांगितलंय. त्यात राहण्याचा दाखला लागत नाही, उत्पन्नाचा लागत नाही. बाई तिथे कामाला आहे, एवढं पुरे. लहान कारखान्यांनी चार-पाच मिळून एक पाळणाघर चालवावं आणि सरकारने जागा द्यावी. याला नवा कायदाही नको.

पैसे कुठून आणायचे, हा शेवटचा आक्षेप. प्रश्न बरोबर आहे, मदत वाऱ्यावर उधळा असं मी म्हणत नाही. पण कडेलोटाची रेषा सांभाळायला किती खर्च येतो ते कोणी मोजतं का? दाखले, पडताळणी, ई-केवायसी, पुन्हा पडताळणी, रद्द केलेली कार्डं, मग परत दिलेली कार्डं. प्रत्येक फेरीत बाईचा एक दिवसाचा रोज बुडतो. आणि ती काम लपवते तेव्हा सरकारला तिच्या कामाचा पत्ताच लागत नाही. उतार असला तर तिला लपवायचं कारण उरत नाही. ती जास्त कमावते, मदत आपोआप कमी होते, सरकारचे पैसे वाचतात. गरिबाला कमाई वाढवल्याची शिक्षा देऊन कुठलीही तिजोरी भरलेली नाही.

म्हणून आपल्या निवेदनांत यापुढे चार ओळी वाढवा, अशी समितीच्या आणि महिला आघाडीच्या सगळ्यांना विनंती. एक, उत्पन्नाची रेषा ओलांडली तर मदत टप्प्याटप्प्याने कमी करा, एकदम बंद नको. दोन, ही रेषा दरवर्षी महागाईप्रमाणे सरकवा, आणि ती किमान वेतनाच्या खाली कधीच नको. तीन, शून्याचं जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्या घरातल्या बाईला अपात्र ठरवू नका, आणि नाकारल्याचं कारण मराठीत लेखी द्या. चार, अंगणवाडीची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळवा आणि तीन वर्षांखालच्या पोरांना तिथे जागा द्या.

आणि तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. तुमच्या वस्तीत सहा वर्षांखालची पोरं मोजा. चाळीस भरली आणि अंगणवाडी नसेल, तर पालकांच्या सह्यांचा अर्ज करा, मराठीत आणि कानडीत दोन्ही. पोच घ्या, तारीख लिहून ठेवा, तीन महिने मोजा. अर्ज लिहायला कोणी नसेल तर या पानावर निरोप टाका. मी लिहून देईन.

जय महाराष्ट्र.